जुन्या जीपचें इंजिन कां तापतें ?

वऱ्हाडांतील उन्हाळा कसा असतो हें येथील वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. अकोला व अमरावती येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि अशा दिवसांत माणसांस व गुराढोरांस ज्याप्रमाणें सांवलीची व पाण्याची गरज भासते त्याप्रमाणेंच ती यंत्रांसही भासते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतीच्या कामास, बाजाराचा माल नेण्यास आणि मेळघाटांतील कोरकू गांवांकडे जाण्यायेण्यास जुन्या जीपगाड्या अद्यापि उपयोगांत आहेत. अशी गाडी परतवाड्याहून घटांगमार्गें सेमाडोहकडे जातांना, किंवा अकोटहून नरनाळ्याच्या पायथ्याकडे जातांना, भर दुपारीं उकळून थांबली म्हणजे मोठा प्रसंग ओढवतो. गाडींत कधीं परीक्षेस निघालेलीं मुलें असतात, तर कधीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी असतो. अशा वेळीं गाडी कां तापली हें ज्यास समजतें तो पुष्कळदां संकट टाळूं शकतो. ज्यास समजत नाहीं तो घाबरून गरम झांकण उघडतो आणि हात-तोंड भाजून घेतो. यास्तव या विषयाची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सारखीच उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

जीप ही गाडी मूळची युद्धाकरितां निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धांत चिखल, वाळू व डोंगर यांतून सहज जाऊं शकेल अशी हलकी गाडी अमेरिकेच्या सैन्यास हवी होती, व १९४१ ते १९४५ या काळांत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा आणि महिंद्रा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आपल्या देशांतील कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत जीप जोडण्यास आरंभ केला. पुढें तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. अलीकडे चार जाड चाकांचीं, मोटारसायकलीसारखी मूठ असलेलीं लहान वाहनेंही शेतांतून व पर्यटनस्थळीं दिसूं लागलीं आहेत. त्यांपैकीं ज्यांचें इंजिन पाण्यानें थंड होतें त्यांस पुढें सांगितलेले नियम तसेच लागू पडतात. भेद एवढाच कीं त्यांचा पंखा बहुधा विजेवर चालतो, आणि तो चालू-बंद करणारी कळ किंवा तिची तार बिघडल्यास इंजिन तापतें.

प्रथम इंजिनास थंड करण्याची गरज कां पडते हें पाहूं. इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते तिच्यापैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. दुसरा तितकाच हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींत व माथ्यांत शिरतो. हा शेवटचा हिस्सा बाहेर काढला नाहीं तर तेल पातळ होऊन जळूं लागेल, पिस्टन फुगून सिलिंडरमध्यें अडकेल आणि इंजिन कायमचें निकामी होईल. ही उष्णता वाहून नेण्याचें काम पाण्याकडे सोंपविलेलें आहे. एक ग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक अंशानें वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते हें विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतातच. इतकी उष्णता पोटांत घेणारे व इतके स्वस्त असे दुसरे द्रव फारच थोडे आहेत.

या पाण्याचा मार्ग असा आहे. पट्ट्यानें फिरणारा पंप पाणी इंजिनांत ढकलतो. तें सिलिंडरांभोंवतीं फिरून माथ्यांत जातें, आणि तेथून थर्मोस्टॅट नांवाच्या लहान दारांतून वरच्या रबरी नळीनें रेडिएटरमध्यें येतें. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची व त्यांना चिकटविलेल्या पातळ पत्र्यांची जाळी होय. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीकरितां विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें मधाच्या पोळ्यासारखी जाळी योजली, तेव्हांपासून ही युक्ति सर्वत्र रूढ झाली. थोड्या जागेंत अधिकांत अधिक पृष्ठभाग वाऱ्यास मिळावा हा तिच्यांतील हेतु आहे. जाळींतून उतरतांना पाणी निवतें आणि खालच्या नळीनें पुन्हां पंपाकडे जातें. थर्मोस्टॅटच्या पोटांत मेण असतें. बहुतेक गाड्यांत पाणी सुमारें ८० ते ९० अंशांस पोहोंचलें म्हणजे तें मेण वितळून फुगतें व दार उघडतें. तोंपर्यंत दार बंद राहून इंजिन लवकर योग्य उष्णतेस येतें.

आतां रेडिएटरच्या झांकणाकडे वळूं. पुष्कळ लोक त्यास साधें बूच समजतात, परंतु तें एक महत्त्वाचें यंत्र आहे. पाण्यावरील दाब वाढला कीं त्याचा उत्कलनबिंदुही वाढतो. घरांतील कुकर याच तत्त्वावर चालतो. वातावरणाच्या दाबाइतका आणखी दाब दिला तर पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें १२० अंशांस उकळतें. झांकणांतील स्प्रिंग असा दाब आंत राखून ठेवते. जुन्या जीपच्या झांकणाचा दाब बहुधा याहून कमी असतो, तथापि थोडासा दाबही उपयोगी पडतो. उलट उंचीवर हवेचा दाब कमी होतो. चिखलदरा सुमारें १,१०० मीटर उंचीवर आहे, व तेथें उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९६ अंशांसच उकळतें. झांकणाचें रबर झिजलेलें असेल तर जी गाडी अमरावतीच्या सपाटीवर निमूट चालते तीच घाटमाथ्यावर उकळूं लागते. हें झांकण जीपच्या सर्वांत स्वस्त भागांपैकीं एक आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें.

याच तत्त्वावरून एक धोका लक्षांत येईल. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी शंभर अंशांहून अधिक गरम असूनही केवळ दाबामुळें उकळत नसतें. झांकण फिरवितांच दाब नाहींसा होतो, आणि त्याच क्षणीं पाण्याची वाफ होऊन ती उघडणाराच्या तोंडावर येते. यासाठीं तापलेल्या गाडीचें झांकण कधींही उघडूं नये. निदान अर्धा-पाऊण तास थांबावें. वरची नळी हातानें दाबून ती मऊ व कोमट लागल्यावर जाड फडकें ठेवून झांकण पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें, आणि उरलेली वाफ निघून गेल्यावर मग काढावें. तसेंच तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतूं नये. बिडाचा तापलेला भाग अकस्मात् आकुंचित होऊन त्यास तडा जातो. मुलांनीं तर गाडी उकळत असतां पुढें उभेंही राहूं नये.

आतां मुख्य प्रश्न असा कीं दोष कोठें आहे हें कसें ओळखावें. कल्पना करा कीं दर्यापूरकडील एका कुटुंबानें बरीच वर्षें सांठविलेल्या पैशांतून एक जुनी जीप जानेवारींत विकत घेतली. तीन महिने गाडी उत्तम चालली. मे महिन्यांत घाट चढतांना मात्र ती दर वेळीं उकळूं लागली. कोणी म्हणालें, "पंप बदला", कोणी म्हणालें, "थर्मोस्टॅट काढून फेंका", कोणी तर इंजिनच उतरविण्याचा सल्ला दिला. प्रत्येक सल्ल्यास पैसे पडतात, आणि सल्ला चुकला तर ते वायां जातात. अशा वेळीं वैद्य जसा रोग्यास ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें आधीं विचारतो, तसें आपण गाडीविषयीं विचारलें पाहिजे.

गाडी बाजारांतून हळू चालतांना किंवा उभी असतांना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगानें जातांना निवते काय ? तसें असेल तर दोष वाऱ्याचा आहे. वेगांत वारा आपोआप मिळतो. हळू चालतांना तो पंख्यानेंच आणावा लागतो. पट्टा सैल झाला असेल, पंख्याचें पातें मोडलें असेल, पंख्याभोंवतींचें पत्र्याचें कडें काढून टाकलेलें असेल, किंवा जाळीवर धूळ, भुसा, किडे व कपाशीचे तंतु बसले असतील. याउलट गाडी चढावर किंवा वेगांत तापते व उभी राहिल्यावर निवते काय ? मग दोष पाण्याच्या प्रवाहाचा समजावा. रेडिएटरच्या नळ्या आंतून बुजल्या असतील, पंपाचीं पातीं गंजलीं असतील, अथवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीनें चपटी होत असेल. इंजिन सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेंत अडकल्याचा संशय घ्यावा. आणि तें कधींच पुरेसें तापत नसेल तर दार उघडेंच राहिलें आहे किंवा कोणीतरी तें काढून टाकलें आहे.

या प्रश्नांनंतर तपासणी करावी, आणि ती स्वस्त गोष्टींपासून महाग गोष्टींकडे जाईल अशा क्रमानें करावी. सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची पातळी पाहावी. ती वरचेवर कमी होत असेल तर पाणी कोठून तरी जात आहे. नळ्यांच्या सांध्यांवर, पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशीं व रेडिएटरच्या कडेस पांढरे, हिरवे किंवा तांबूस डाग शोधावे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांट्यावर सर्वस्वीं विश्वास ठेवूं नये. पाणी फार कमी झालें तर उष्णता मोजणारा भाग पाण्यांत न राहतां कोरडा राहतो, आणि इंजिन तापत असतांही कांटा खालींच दिसतो. त्यानंतर पट्ट्याचा ताण, नळ्यांच्या भेगा व झांकणाचें रबर पाहावें. जाळी धुवावयाची असल्यास इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस हलकी धार सोडावी, म्हणजे घाण आली त्याच वाटेनें निघून जाते. धार जोराची असली तर पातळ पत्रे वांकतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरांतही करतां येते. तें काढून पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगावें, शेजारीं उष्णतामापक धरावा आणि पाणी हळू हळू तापवावें. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास दार उघडूं लागलें तर तें ठीक आहे. पाणी उकळलें तरी उघडलें नाहीं तर बदलावें. रेडिएटरची परीक्षा हातानें होते. गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करावें, पंखा थांबल्याची खात्री करून घ्यावी, आणि जाळीवर ठिकठिकाणीं जपून हात फिरवावा. सर्वत्र सारखी ऊब लागली पाहिजे. मध्येंच थंड पट्टे लागले तर तेथील नळ्या बुजल्या आहेत असें समजावें.

वरील कुटुंबाच्या जीपमध्यें असेच थंड पट्टे सांपडले असें समजूं. येथें विद्यार्थी विचारतील कीं नळ्या बुजलेल्या होत्या तर गाडी जानेवारींत कां तापली नाहीं ? याचें उत्तर साध्या गणितांत आहे. रेडिएटर किती उष्णता टाकूं शकतो हें त्यांतील पाणी व बाहेरची हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंश व हवा २५ अंश असतां हें अंतर ६५ अंश भरतें. हवा ४५ अंशांवर गेली कीं तें ४५ च उरतें. म्हणजे केवळ ऋतु बदलल्यानें रेडिएटरची शक्ति सुमारें तीन दशांशांनीं घटली. त्यांत एक चतुर्थांश नळ्या बुजलेल्या असतील तर मूळच्या शक्तीचा सुमारें अर्धाच भाग हातीं राहतो. हिवाळ्यांत अर्ध्या शक्तीवर भागत नसलें तरी तीन चतुर्थांशांवर भागून जातें, म्हणून दोष लपून राहिला. उन्हाळ्यानें तो निर्माण केला नाहीं, केवळ उघड केला.

आतां या नळ्या कां बुजल्या, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. नाहींतर नवा रेडिएटर घालूनही तीच गत होईल. याचें कारण आपल्या भूमींतच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इत्यादि तालुक्यांतून जो खारपाण पट्टा पसरला आहे तेथील विहिरींचें पाणी खारट आहे. असें पाणी पिण्यास जितकें वाईट तितकेंच इंजिनासही वाईट, कारण त्यांतील क्षार धातूस गंज चढवितात. खारपाणाबाहेरच्या विहिरींचें पाणी गोडें असलें तरी बहुधा जड असतें. तें तापविलें म्हणजे त्यांतील विरघळलेला चुना वेगळा होऊन पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपानें बसतो. पाणी तापविण्याच्या बंबांत व पातेल्याच्या तळाशीं हा थर प्रत्येक गृहिणीनें पाहिलेला असतो. रेडिएटरच्या नळ्या फार अरुंद असतात, म्हणून थोडा थरही तेथें पुरेसा अडथळा करतो. शिवाय हा थर उष्णतेचा वाईट वाहक असल्यानें धातूपासून पाण्यास व पाण्यापासून धातूस उष्णता नीट पोहोंचत नाहीं. दर वेळीं विहिरीचें एक तांब्या पाणी ओतणारा मालक नकळत एक चिमूट मीठ व चुना आंत टाकीत असतो. पाणी वाफेनें उडून जातें, क्षार मात्र आंतच राहतात.

यावर उपाय असा. पितळी किंवा तांब्याचा रेडिएटर असल्यास कुशल कारागीर त्याच्या टांक्या झाळ सोडवून उघडतो, नळ्यांतून सळी घालून त्या साफ करतो व पुन्हां झाळतो. ॲल्युमिनियमचा असल्यास बहुधा बदलावा लागतो. इंजिनही उलट दिशेनें पाणी सोडून धुवावें. नंतर बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी व कूलंट या नांवानें मिळणारें द्रव्य गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत मिसळून भरावें. कूलंटमुळें गंज चढत नाहीं आणि उत्कलनबिंदुही कांहीं अंशांनीं वाढतो. भरतांना झांकण उघडें ठेवून थंड इंजिन सुरू करावें, आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत हळू हळू पातळी पुरी करावी. आंत हवा कोंडली तर सर्व श्रम व्यर्थ जातात. काढलेलें जुनें कूलंट जमिनीवर, नाल्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. तें चवीस गोड परंतु विषारी असतें. मुलें, कुत्रीं व गुरें यांच्यापासून तें दूर झांकून ठेवावें.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी प्रथा आपल्याकडे आढळते तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. तो काढल्यानें कधीं कधीं गाडी तात्पुरती थंड राहते हें खरें, परंतु हिवाळ्यांत इंजिन पुरेसें तापत नाहीं, इंधन अधिक जळतें आणि झीज वाढते. कांहीं इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जातां आडवाटेनेंच परत फिरतें व इंजिन अधिक तापतें. मुख्य म्हणजे मूळ रोग तसाच राहतो, केवळ त्याचें लक्षण दबतें.

एक दोष मात्र घरगुती उपायांच्या पलीकडचा आहे. सिलिंडरचा माथा व ब्लॉक यांमध्यें हेड गास्केट नांवाचें पातळ अस्तर असतें. इंजिन एकदां फार तापलें कीं माथा किंचित् वांकतो व हें अस्तर फुटतें. मग जळणाचा वायु पाण्यांत शिरतो. थंड इंजिन सुरू करतांच रेडिएटरमध्यें सतत बुडबुडे येणें, नळी लगेच कडक होणें, पांढरा धूर निघत राहणें, किंवा तेलाचा रंग दाट ताकासारखा होणें, हीं त्याचीं चिन्हें होत. तीं दिसल्यास गाडी चालविणें बंद करून जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी.

जे पालक जुनी गाडी घेण्याच्या विचारांत असतील त्यांस आमची विनंती अशी कीं गाडी सकाळीं पाहावी, आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करून घ्यावी. आधींच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे कांहीं दोष दिसत नाहींत. थंड झांकण काढून आंत तांबडा गाळ किंवा पांढरा थर आहे काय हें पाहावें, तेलाचें झांकण पाहावें, आणि गाडींत आजवर कोणतें पाणी भरलें जात होतें हें विचारावें. दुपारच्या उन्हांत निदान अर्धा तास गाडी चालवून मगच पैसे मोजावे. आणि वाटेंत कांटा चढूं लागलाच तर चढ व वेग सोडून सांवलींत थांबावें, उतारूंस खालीं उतरवावें, आणि इंजिन स्वतः निवेल तोंपर्यंत धीर धरावा. घाटांत नेहमीं जाणाराने पांच-सात लिटर स्वच्छ पाणी, एक जादा पट्टा व एक नळी जवळ बाळगावी. अडचणीच्या वेळीं दुसरें पाणी नसेल तर विहिरीचेंही चालेल, मात्र घरीं आल्यावर तें काढून टाकण्यास विसरूं नये.

शेवटीं विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें आहे. उष्णतेचें वहन, दाब व उत्कलनबिंदु, पाण्याचा जडपणा हे धडे परीक्षेपुरतेच आहेत असें तुम्हांस कधीं वाटत असेल. पण तुमच्या घरीं, शेजारीं किंवा गांवांत एखादी जुनी जीप किंवा ट्रॅक्टर असेलच. येत्या सुटींत सकाळीं इंजिन थंड असतां वडील माणसांच्या समक्ष त्याचें झांकण काढून आंत पाहा, पाण्याचा रंग वहींत टिपून ठेवा, आणि तें पाणी कोणत्या विहिरीचें होतें तेंही विचारून घ्या. त्या टिपणाचा उपयोग पुढच्या मे महिन्यांत घाट चढतांना तुमच्या घरच्या मंडळींस झाल्यावांचून राहणार नाहीं.